अंगणातलं खेळाचं कपाट

“अगं, हे काय उभं केलंयस अंगणात? देव्हारा म्हणावं तर आत देव नाहीत, कपाट म्हणावं तर कपडे नाहीत!”

गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकू कुंपणाशी उभ्या राहून मला विचारत होत्या. प्रश्न रास्तच होता. आमच्या खळ्याच्या कोपऱ्यात साडेपाच फूट उंच, दोन फूट रुंद, उतरत्या छपराचं एक हिरवं लाकडी खोकं उभं होतं. समोर काच, काचेआड टीव्हीसारखी स्क्रीन, तिच्याखाली लाल-पिवळी बटणं आणि दोन दांडे.

“काकू, हा व्हिडिओ गेम आहे. मुलांसाठी केलाय,” मी म्हटलं.

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. “आणि पाऊस?” एवढंच त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, हा सगळा लेख म्हणजे काकूंच्या त्या दोन शब्दांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आम्ही कोकणातले. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे साठून राहिला तर माझ्यासारख्या दोघी एकीवर एक उभ्या राहून बुडतील! अशा ठिकाणी विजेवर चालणारं यंत्र उघड्यावर ठेवायचं म्हणजे वेडेपणाच. पण तो वेडेपणा एकदा फसून दुसऱ्यांदा जमला. फसला कसा आणि जमला कसा, दोन्ही सांगते.

पडद्याच्या बाहेरून

पण आधी मुळात हे खूळ डोक्यात शिरलं कुठून ते सांगायला हवं.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. म्हणजे १९९९-२००० चा सुमार. आमच्या गावात एस.टी. स्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दाराला जाडा निळा पडदा. आतून ‘ढिश्यांव, ढिश्यांव’ आवाज यायचे. रुपयाचं नाणं टाकलं की खेळ सुरू. माझा भाऊ संध्याकाळचा तिथेच पडलेला असायचा आणि जेवायची वेळ झाली की आई मला त्याला बोलवायला पाठवायची. “पडद्याच्या आत जायचं नाही, बाहेरूनच हाक मार,” हे दर वेळी बजावून. मी बाहेरून हाक मारायची, आणि तो “आलो, आलो” म्हणेपर्यंत पडद्याच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं पाहून घ्यायची. एकदा मी आईला विचारलं, “मी का नाही जायचं?” ती म्हणाली, “मुलींनी तिथं काय करायचं?” संपलं.

आईला दोष देत नाही. दुकान अंधारं होतं, आत टवाळ मुलंच जास्त. पण पुढे केव्हातरी वाचलं आणि गंमत वाटली, की ‘पॅक-मॅन’ हा जगप्रसिद्ध खेळ जपानच्या तोरू इवातानी यांनी १९८० साली तयार केला, तो मुळी बायका-मुलींनाही खेळावासा वाटावा म्हणून! त्या काळचे खेळ बहुतेक मारामारीचे. बायकांना काय आवडेल असा विचार करता करता त्यांना ‘खाणं’ सुचलं, आणि तोंड उघडून ठिपके खात सुटलेला तो पिवळा गोळा जन्माला आला. (खाण्यापेक्षा रांधणंच आमच्या वाट्याला जास्त येतं, हे इवातानींना कोणी सांगितलं नसावं!) पुढच्याच वर्षी, १९८१ साली, अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा ‘सेंटिपीड’ हा खेळ आला. तो करणाऱ्या दोघांपैकी एक होती डोना बेली नावाची बाई. म्हणजे तिकडे बाई खेळ तयार करत होती, आणि त्यानंतर वीस वर्षांनी इकडे मी पडद्याच्या फटीतून डोकावत होते.

आता माझी मुलं त्या वयाची आहेत. थोरला तेरा वर्षांचा, धाकटी नऊ. त्यांना पडदा नाही, उलट स्क्रीन खिशातच. पण संध्याकाळी घरात पाहावं तर एक माडीवर मोबाइल घेऊन, दुसरी पलंगाखाली मोबाइल घेऊन. हाक मारली तर “आलो, आलो” तेच! फक्त भावाबरोबर त्या दुकानात दहा मुलं तरी असायची, ओरडायची, पाळीवरून भांडायची. माझी दोघं एका घरात राहून एकेकटी. मोबाइल हिसकावून घेऊन पाहिला. दोन दिवस रडारड, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा वाटलं, खेळ जात नाही तर निदान त्याला जागा तरी आपण ठरवून द्यावी. उभ्याने खेळायचा, दोघांनी मिळून खेळायचा, आणि चारचौघांच्या देखत, अंगणात.

पहिला प्रयत्न : चहात बुडवलेली खारी

पहिल्या वर्षी मी हौसेने अडगळीतलं जुनं टीव्हीचं कपाट काढलं. दिसायला छान, गुळगुळीत. त्यात घरचा जुना मॉनिटर बसवला, खाली विजेचा एक्स्टेंशन बोर्ड ठेवला आणि वरून निळं प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायची सोय केली. एप्रिल-मे झकास गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. चार दिवसांत कपाटाच्या खालच्या कडा चहात बुडवलेल्या खारीसारख्या फुगल्या. ते लाकूड नव्हतंच. तो भुसा चिकटवून केलेला बोर्ड. पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही. पण खरं संकट वेगळंच होतं. एका संध्याकाळी पाऊस थांबल्यावर धाकटी अनवाणी गेली, बटणाला हात लावला आणि “आई, हाताला मुंग्या आल्या” म्हणत परत आली.

मुंग्या नव्हत्या त्या, बायांनो. ओल्या लाकडातून वीज उतरत होती.

मी घरातलं बटण बंद केलं आणि कितीतरी वेळ तिचा हात हातात धरून बसले. ‘हे’ काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार, फक्त म्हणाले, “पुरे आता हे.” मीही ठरवलं, पुरे.

विषय पुन्हा काढला तो सासूबाईंनी. दिवाळीनंतर एकदा ओटीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, “घराला काय पाऊस लागत नाही? तरी उभंच आहे ना इतकी वर्षं? तू त्याला प्लॅस्टिकात कोंडलंस तिथंच चुकलीस. पाण्याशी भांडायचं नसतं गं. त्याला जायला वाट ठेवायची.” आणि मग त्यांनी बसल्या जागेवरून मला आमचंच घर दाखवलं : उंच जोतं, उतरतं छप्पर, भिंतीच्या पुढे आलेली वळचण, वाऱ्याला ठेवलेली झरोक्यांची सोय. माझ्या कपाटात यातलं एकही नव्हतं.

तेव्हापासून मी हे कपाट म्हणजे एक लहानसं घर आहे असं धरून चालले, आणि सगळं सोपं झालं. पाणी चार वाटांनी येतं. चारींचा बंदोबस्त एकेक करून सांगते.

वरून येणारं पाणी

आधी लाकूड. दुकानात ‘मरीन प्लाय’च मागा आणि तक्त्यावर आय.एस. ७१० असा शिक्का आहे ना ते स्वतः पाहा. आय.एस. ३०३ हा आकडा असलेला प्लाय स्वस्त असतो, घरातल्या कामाला चांगलाही असतो, पण सतत पावसात उभं राहायचं काम त्याचं नव्हे. आम्हाला ८ × ४ फुटांचे दोन तक्ते लागले. एक १८ मिलिमीटर जाडीचा : त्यातून दोन्ही बाजू, छप्पर आणि बटणांची फळी. दुसरा १२ मिलिमीटरचा : त्यातून मागचं दार, पुढची खालची बाजू, तळ आणि आतला कप्पा.

छपराला मागच्या बाजूला उतार दिला, फुटाला एक इंच या हिशेबाने. छप्पर कपाटापेक्षा मोठं हवं : आमचं पुढे सहा इंच, मागे चार आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच बाहेर आलं आहे. वर अॅल्युमिनियमचा पत्रा, कडा खाली मुडपून. आणि एक बारीकशी गोष्ट, जी सुतारकाकांनी सांगितली. घराच्या छज्जाला खालच्या अंगाने गवंडी एक खाच ठेवतो, पाहिली आहे ना? पाण्याला कडेवरून वळून खालच्या पृष्ठभागाला चिकटत आत सरकायची खोड असते. खाच आली की थेंब तिथेच तुटून खाली पडतो. आमच्या छपराला कडेपासून इंचभर आत अशीच खाच सगळीकडून फिरवली आहे. या खाचेला खर्च शून्य आणि उपयोग सगळ्यात जास्त.

बाजूने येणारं पाणी

कोकणात पाऊस नुसता वरून पडत नाही, झड येते. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून कपाटाची पाठ नैर्ऋत्येला आणि तोंड ईशान्येला केलं. सासूबाईंना वाटलं, मी वास्तुशास्त्र पाहिलं. मी ते तसंच राहू दिलं! पाठीमागे अडीच फुटांवर गोठ्याची जुनी भिंत आहे. तिचा आडोसा मिळतो आणि मधल्या जागेत मागचं दारही उघडता येतं. ईशान्येकडे तोंड असल्याने दुपारचं आणि संध्याकाळचं ऊन स्क्रीनवर येत नाही. घरगुती स्क्रीन मुळात उन्हासाठी केलेली नसते. एक तर चित्र दिसत नाही, आणि कडक ऊन थेट पडत राहिलं तर तापून काळे डाग पडतात.

मागचं दार चौकटीच्या आत बसणारं करू नका. आपल्या डब्यांचंच पाहा. झाकण डब्याला बाहेरून कवेत घेणारं असेल तर पाणी आत जात नाही. दार तसंच, चौकटीवर चारी बाजूंनी इंचभर चढणारं हवं, आणि मध्ये गाडीच्या दाराला असते तशी पोकळ रबरी पट्टी. स्क्रीनपुढे ५ मिलिमीटरचं अॅक्रिलिक बसवलं, कडेने सिलिकॉन भरून. ते पुसायला जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा आणि साधं साबणाचं पाणी वापरा. काच चकाकवायचे फवारे मारलेत तर त्यावर बारीक तडे जातात.

कपाट नारळाखाली ठेवू नका, हे सांगायला हवं का? आणि घराच्या पागोळीखालीही नको.

खालून येणारं पाणी

प्लाय पाणी पितो तो पोटातून नव्हे, कडेतून. म्हणून रंगाच्या वेळी सगळ्यात जास्त लाड कडांचे. कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमरचा पहिला हात पातळ, म्हणजे तो आत मुरतो; वाळल्यावर आणखी दोन हात. स्क्रूसाठी आणि बटणांसाठी पाडलेल्या भोकांच्या आतूनसुद्धा. मग बाहेरच्या कामाचा पॉलियुरेथेन रंग, दोन हात. स्क्रू आणि बिजागऱ्या ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलच्याच. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत साधा स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो.

कपाटाला चार इंचांचे पाय दिले आणि ते जमिनीवर न टेकवता चार चिऱ्यांवर ठेवले. जांभा चिरा स्वतः ओल धरतो, म्हणून चिरा आणि पाय यांच्यामध्ये टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. पायांना काकांनी काजूच्या टरफलांचं तेल लावलं, वाळवीवर हा आपल्याकडचा जुना उपाय. पण त्या तेलाने कातडी भाजते, तेव्हा हातमोजे हवेत आणि मुलांना लांब ठेवायला हवं. कपाट वरच्या बाजूला दोन लोखंडी पट्ट्यांनी गोठ्याच्या भिंतीला बांधलं आहे. खेळाच्या भरात मुलं दांडा ओढतात, कपाट अंगावर यायला नको.

आतलं पाणी

हे कुणाच्या लक्षात येत नाही. गरम पोळ्या लगेच डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाला आतून घाम येतो ना? तसाच कपाटाला येतो. दिवसाची दमट हवा आत कोंडली, रात्री गारठा पडला, की स्क्रीनवर आणि तारांवर आतून पाणी धरतं. माझं पहिलं कपाट अर्धं त्या निळ्या प्लॅस्टिकनेच मेलं.

म्हणून कपाटाला श्वास घेता आला पाहिजे. तळाशी हवा यायला भोकं आणि वर छपराच्या वळचणीखाली हवा जायला झिलमिली, पट्ट्या खालच्या दिशेने कललेल्या. गरम हवा वर जाते, खालची आत येते, पंख्याचंही काम पडत नाही. सगळ्या भोकांना स्टीलची बारीक जाळी मात्र हवीच. नाहीतर पाली आहेत, मुंग्या आहेत आणि कुंभारीण माशी तर आठ दिवसांत मातीचं घर बांधून मोकळी होईल.

शिवाय पावसाळ्यात कपाटात एक गाडीचा बल्ब लावून ठेवते, १२ व्होल्टचा, ५ वॅटचा. तारेचा हं, एल.ई.डी. नव्हे, आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. ओल्या दिवसांत कपड्यांच्या कपाटात बल्ब लावायचे तीच युक्ती. भोवती तारेची जाळी, आणि लाकूड वा कापड त्याच्या जवळ नाही.

विजेचं

इथे मात्र हौस बाजूला ठेवा आणि जाणकार वायरमनलाच बोलवा. आमच्या वायरमनने पहिलं वाक्य बोलला ते मला फार आवडलं : “वहिनी, २३० व्होल्ट घराबाहेर जाऊच द्यायचे नाहीत.”

काही मॉनिटरांचा अडॅप्टर वेगळा असतो आणि त्यावर १२ व्होल्ट असं छापलेलं असतं. तसा जुना मॉनिटर दुरुस्तीच्या दुकानातून मिळवला. सगळ्याला पुरेल असा १२ व्होल्टचा एक अडॅप्टर घरात, माजघराच्या भिंतीवर बसवला. बाहेर जाते ती फक्त १२ व्होल्टची जाड तार, जमिनीखाली पाइपातून. ती कपाटात तळातून शिरते आणि शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला आहे, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडतं. घरातल्या त्या प्लगच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. आहे. वीज जरा जरी भलत्या वाटेने जाऊ लागली तरी तो क्षणात तोडतो. अर्थिंगही तपासून घेतलं. खरं तर हा आर.सी.सी.बी. गेम असो वा नसो, वॉशिंग मशीन आणि गीझर असलेल्या प्रत्येक घरात हवा. तुमच्याकडे आहे का, आजच पाहा.

विजा चमकू लागल्या की घरातला प्लग काढायचा. पाऊस पडत असताना खेळ नाही. या दोन नियमांना आमच्याकडे अपवाद नाही.

बटणं आणि आतला मेंदू

बटणांची फळी स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीला, म्हणजे ३३ इंचांवर ठेवली. मोठ्यांना वाकावं लागत नाही आणि धाकटीला पायाखाली पाट दिला की पुरतं. फळीला पुढे थोडा उतार, म्हणजे पाणी साचत नाही. बटणं ३० मिलिमीटरची, लांब आट्यांची आणि मागून नटाने आवळायची घ्या; चापाची बटणं जाड प्लायमध्ये बसत नाहीत. ही बटणं जलरोधक नसतात. त्यामुळे फळीवर बिजागरीचं झाकण केलं आहे, आणि फळीच्या खाली उतरता पत्र्याचा ट्रे. चुकून थेंब गेलाच, तर ट्रेमधून नळीवाटे बाहेर. ध्वनिवर्धकही कागदी पडद्याचा न घेता प्लॅस्टिकचा घेतला आणि वळचणीखाली तोंड खाली करून बसवला.

आतला मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. २०१२ साली ब्रिटनमध्ये तो मुलांना संगणक शिकता यावा म्हणून काढला. त्याला ५ व्होल्ट लागतात; १२ चे ५ करणारी छोटी पट्टी वायरमनने लावून दिली. ‘रेट्रोपाय’ ही मोफत प्रणाली थोरल्याने स्वतः बसवली. मी नुसती शेजारी बसले होते. कित्येक महिन्यांनी त्याने मला सलग दोन तास काहीतरी समजावून सांगितलं. जुन्या खेळांचे हक्क कुणाचे तरी असतात, हे मात्र त्याला मी समजावलं. ‘रॉबी रोटो’, ‘ग्रिडली’ असे काही जुने खेळ हक्कदारांनीच बिगरव्यापारी वापरासाठी मोकळे केले आहेत, आणि नव्याने लिहिलेले मोफत खेळही पुष्कळ आहेत. आम्ही तेवढेच घेतले.

खर्च आणि निगा

खर्चाचं विचाराल तर माझ्या भिशीचा नंबर लागला, त्यातून केलं. दोन तक्ते प्लाय ६,४०० रुपये, जुना मॉनिटर, छोटा संगणक, बटणं, दांडे मिळून ९,०००, अॅक्रिलिक ८००, रंग, पत्रा, सिलिकॉन, रबर, स्क्रू २,६००, विजेचं काम ३,२००, सुतारकाकांची तीन दिवसांची मजुरी ३,०००. एकूण २५,०००. तुमच्या गावात आकडे थोडे इकडेतिकडे होतील. घरी जुना संगणक पडून असेल तर बरेच वाचतील.

निगा अशी : मे महिन्यात कडांना रंगाचा एक हात आणि सिलिकॉनला कुठे भेग आहे का ते पाहायचं. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा जाळ्या साफ करायच्या, बल्ब चालू आहे ना ते बघायचं. जुलैत सलग झड लागली की मॉनिटर सरळ घरात आणायचा; मागचे चार स्क्रू सोडवले की निघतो. ऑक्टोबरच्या उन्हात मागचं दार दोन दिवस सताड उघडं ठेवायचं. आणि रोज खेळ झाला की आधी संगणक रीतसर बंद, मग वीज. एकदम वीज तोडली तर त्यातलं कार्ड बिघडतं.

पाळी कुणाची?

एक पावसाळा त्या कपाटाने उभ्याने काढला. सप्टेंबरात मागचं दार उघडताना माझा हात थरथरत होता. आत हात फिरवला. कोरडं! तळाशी फक्त एक मेलेला नाकतोडा.

मोबाइल सुटला का, असं विचाराल तर नाही. खोटं कशाला सांगू? थोरला अजून रात्री माडीवर घेऊन बसतोच. पण संध्याकाळी साडेपाच ते सात तो खाली असतो, बहिणीशी पाळीवरून कडाकडा भांडत. त्या भांडणाचा आवाज मला रेडिओपेक्षा गोड वाटतो. आळीतली मुलं येतात. पहिल्या पहिल्यांदा मुलगेच यायचे. मुली फाटकापाशी उभ्या राहून बघायच्या. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथली सातवीतली एक मुलगी त्यांत होती. म्हणाली, “बाई, आम्ही आलो तर चालेल?”

मी तिला काय सांगणार? एवढंच म्हटलं, “फाटकाला कडी नाही. ये.”

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार आधी मुलींच्या पाळ्या, असा नियम धाकटीने खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. शेजारच्या काकू त्या तीन दिवशी खुर्ची घेऊन बघायला येतात.

परवा सगळे गेल्यावर, अंधार पडता पडता, मी पहिल्यांदाच एकटी त्या फळीपुढे उभी राहिले. पदर खोचला, दांडा धरला. पंचवीस वर्षं थांबून आलेला डाव एका मिनिटात आटोपला. इतकी वाईट खेळते मी! पुन्हा बटण दाबणार तेवढ्यात मागून आवाज आला, “आई, सरक. तुझी पाळी झाली.”